निखारा अंगणातच बरा : आगटीपासून ग्रिलपर्यंत



आजचा विषय विस्तवाचा आहे. चुलीच्या धुराबद्दल आपण या कार्यक्रमात पुष्कळ वेळा बोललो आहोत. आज बोलायचंय ते धूर नसलेल्या विस्तवाबद्दल, म्हणजे निखाऱ्याबद्दल. कारण असं की आपल्या पंचक्रोशीत गेल्या दोन-तीन हंगामांत एक नवी वस्तू आली आहे. चार पायांवर उभी लोखंडी पेटी, तिच्यात कोळसा, वर जाळी. शहरातली मंडळी तिला बार्बेक्यू म्हणतात, आपल्या पोरांनी तिचं नाव ग्रिल ठेवलंय. हुरड्याला येणारे पाहुणे हुरड्याबरोबर पनीर, मक्याची कणसं, कोंबडी त्याच्यावर भाजून मागतात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, तेव्हापासून शेतावर पाहुणे उतरवण्याचं काम वाढलंय आणि आपले बचत गट त्यात स्वयंपाकाचा भाग सांभाळतायत. चार पैसे मिळतायत, ही आनंदाची गोष्ट आहे.

पण वस्तू नवी असली तरी तिच्यातला निखारा फार जुना आहे. माणसाला त्याने जगवलं आणि गुपचूप मारलंही. म्हणून आम्ही गटातल्या बायांनी ठरवलं, की ग्रिल कसं वापरायचं हे सांगण्याआधी निखाऱ्याचा इतिहास सांगायचा. नुसता नियम सांगितला तर तो आठवडाभर टिकतो. त्यामागची गोष्ट कळली, तर तो नियम सासूकडून सुनेकडे जातो.

आपल्याच मातीपासून सुरुवात करू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून पुढे दहा-पंधरा वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली. कुडाच्या भिंती, शेणामातीने सारवलेली जमीन, धान्याच्या कणग्यांच्या जागा आणि चुली. आपल्या आजीच्या घराचं वर्णन ऐकतोय असंच वाटतं. म्हणजे चूल सारवणारा बाईचा हात या मातीत साडेतीन हजार वर्षं तरी चालतोय.

निखाऱ्यावर भाजणंही परदेशातून आलेलं नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आपल्या महाराष्ट्राचा बराच मुलूख तेव्हा त्याच्या राज्यात होता. त्या ग्रंथात स्वयंपाकाचा मोठा भाग आहे आणि मांसाचे तुकडे सळईत ओवून निखाऱ्यावर भाजायची रीत त्यात दिलेली आहे. पाहुणे ज्याला आज बार्बेक्यू म्हणतात, ते नऊशे वर्षांपूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात होत होतं.

राजाचं सोडा, रानात काय होतं? हुरड्याची आगटी. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्या, ज्वाळ विझून आर झाला की त्यात कोवळी कणसं खोचायची. कणीस भाजलं की हातावर चोळायचं. कोकणात रायगडकडे पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मडकं पालथं आणि भोवती जाळ. भरताचं वांगं निखाऱ्यात, भाकरी शेवटी आरावर. आपल्या भाषेत विस्तवाची किती रूपं आहेत बघा. ज्वाळ, जाळ, आर, निखारा, फुफाटा, राख. ज्या बायांनी प्रत्येक रूपाला वेगळं नाव दिलं, त्यांना विस्तव किती बारकाईने कळत असेल!

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. आगटी रानात, पोपटी शेताच्या बांधावर, हुरडा मोकळ्या आभाळाखाली. आगटी कुणी माजघरात केल्याचं ऐकलंय का? नाही. भाजण्याचा मोठा विस्तव उघड्यावर, हा आपल्या लोकांचा न लिहिलेला नियम होता.

आता त्या परदेशी शब्दाकडे जाऊ. बार्बेक्यू हा शब्द मुळात इंग्रजीही नाही. अमेरिका खंडाजवळच्या कॅरिबियन बेटांवर ताईनो नावाचे मूळ रहिवासी राहत. काठ्यांचा माच बांधून, खाली मंद विस्तव ठेवून ते मासे आणि मांस भाजत. सोळाव्या शतकात तिथे पोचलेल्या स्पॅनिश लोकांनी त्या माचाचं नाव ‘बार्बाकोआ’ असं लिहून ठेवलं. त्यातून पुढे बार्बेक्यू झाला. म्हणजे तोही आपल्यासारख्याच रानातल्या माणसांचा, उघड्यावरचाच विस्तव.

तो घरोघरी कसा गेला? अमेरिकेत मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डच्या कारखान्यांत तेव्हा मोटारीला लाकूड बरंच लागे. १९२० च्या दशकात त्याने उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांचा आणि भुशाचा कोळसा करून त्याच्या वड्या पाडायला आणि विकायला सुरुवात केली. वाया जाणाऱ्या वस्तूतून धंदा, हे आपल्याला नवं नाही! पुढे १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने वेगळीच युक्ती केली. तो ज्या कारखान्यात काम करत होता तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी पत्र्याचे गोळे बनत. त्याने असा गोळा आडवा कापला, खालच्या भागात कोळसा आणि जाळी, वरच्या भागाचं झाकण केलं. उघड्या ग्रिलवर वारा आला की राख उडे, पाऊस आला की विस्तव विझे. झाकणाने दोन्ही अडचणी मिटल्या.

इथे जरा थांबा. वारा आणि पाऊस यांच्यासाठी झाकण केलं, म्हणजे ती वस्तू मुळातच परसदारासाठी, उघड्यासाठी बनवलेली आहे. पाऊस आला म्हणून ग्रिल घरात नेणं त्या बनवणाऱ्याच्याही मनात नव्हतं.

मग निखारा घरात आला कधी? तो शेगडीच्या रूपाने आला. शेगडी मातीची, लोखंडी पत्र्याची, श्रीमंताघरी पितळेचीही. चुलीला लाकूड लागतं, धूर होतो. शेगडीला कोळसा लागतो आणि पेट घेतल्यावर धूर जवळजवळ नाही. मुंबईच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत चूल कुठे मांडणार? तिथे शेगडीवरच स्वयंपाक झाला. तो कोळसा कुठून येई? रायगड-ठाण्याच्या रानातून. कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की उचल घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर जात. लाकडं रचायची, पाला-माती लिंपायची, आत हवा जाऊ न देता दिवसेंदिवस जळू द्यायचं. शहरातल्या बाईच्या शेगडीत धूर नव्हता, कारण तो धूर आधीच कातकरी बाईच्या डोळ्यांत गेलेला होता. ही गोष्टही इतिहासात लिहिली पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं आपण धरून चालतो. इथेच माणूस फसत आलाय, आणि नुसता गावचा अडाणी माणूस नव्हे, सम्राटसुद्धा.

साडेसोळाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. रोमचा पुढे सम्राट झालेला ज्युलियन हिवाळ्यात एका गावी मुक्कामाला होता. त्या गावाला आज आपण पॅरिस म्हणतो. थंडी फार पडली. भिंतींना ओल होती. त्याने खोलीत थोडे निखारे आणवले आणि झोपला. जीव गुदमरला. नोकरांनी बाहेर आणलं, उलटी झाली, म्हणून वाचला. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. गंमत अशी, की त्याने दोष दिला तो ओल्या भिंतींना. निखाऱ्यांमुळे भिंतीतून वाफा निघाल्या आणि त्या डोक्यात गेल्या, असं तो म्हणतो. त्याच्यानंतर गादीवर आलेला जोव्हियन ३६४ साली प्रवासात एका मुक्कामी रात्री झोपला तो उठलाच नाही. जुन्या इतिहासकारांनी जी कारणं नोंदवली आहेत, त्यांतलं एक म्हणजे नव्याने गिलावा केलेल्या खोलीतली कोळशाची शेगडी. ओल्या भिंतीवर तेव्हाही बोट दाखवलं गेलं. खरा मारेकरी समोर लाल होऊन बसलेला होता, पण तो कुणाला दिसला नाही.

आपल्याकडेही असंच झालं असणार. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठला नाही की कुणी म्हणालं बाधा झाली, कुणी म्हणालं दृष्ट लागली. शेगडीकडे बोट कोण दाखवणार? ती तर ऊब देत होती.

हा मारेकरी ओळखायला १९ वं शतक उजाडावं लागलं. त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. कोळशाला जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समधल्या क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाने दाखवलं, की हा वायू थेट रक्तात जाऊन प्राणवायूची जागा बळकावतो. आपल्या रक्तातला लाल भाग, म्हणजे हिमोग्लोबिन, फुफ्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोचवतो. एस.टी.च्या गाडीसारखाच. हा वायू आधी चढून सगळ्या जागा धरून बसतो आणि उतरत नाही. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट तो चिकटतो. मग प्राणवायू स्टँडवर उभा राहतो आणि मेंदू, हृदय उपाशी राहतात.

पुढे इंग्लंडमध्ये जॉन हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात कोळशाच्या खाणीत मेलेल्या कामगारांचा अभ्यास केला. स्फोटात मेलेले म्हणून ज्यांची नोंद होती, त्यांतले बरेचसे खरं तर या वायूने मेले होते. त्याने स्वतःच्या नाकाने हा वायू ओढून काय होतं ते लिहून ठेवलं. खाणीत लहान प्राणी-पक्षी बरोबर न्यावेत, अशी सूचना त्याने केली. इवलासा पक्षी भराभर श्वास घेतो, म्हणून माणसाच्या आधी तो कोसळतो आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. ब्रिटनमधल्या खाणींत पिवळे कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत ठेवलेले होते.

१९०२ साली एमिल झोला हा फ्रान्समधला मोठा लेखक याच वायूने गेला. रात्री खोलीत शेकोटी होती, धुराडं तुंबलेलं होतं, खिडक्या बंद. त्याची बायको मरता मरता वाचली. कोरियात तर घराच्या जमिनीखालून ऊब खेळवायची जुनी रीत होती. विसाव्या शतकात लाकडाऐवजी कोळशाच्या वड्या आल्या, जमिनीच्या भेगांतून वायू वर आला आणि कितीतरी हिवाळे तिथे घरंच्या घरं झोपेत गेली. तिथेही वस्तू जुनीच होती, बदललं होतं ते इंधन. आपल्याकडे उलटं झालंय. इंधन तेच आहे, घर बदललंय.

हे नीट समजून घेऊ. आपल्या आजीच्या घराला कुडाच्या भिंती होत्या किंवा वर कौलं होती. कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडत. दाराला उंबऱ्यापाशी बोटभर फट असे. घर श्वास घेत होतं. त्या घरात शेगडी ठेवली तरी वायू बऱ्याच अंशी निघून जाई. पूर्ण नाहीच, पण बराचसा. आज घरकुल आलं, स्लॅब पडला, सरकत्या काचांच्या खिडक्या बसल्या. घर पक्कं झालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण पक्कं घर श्वास घेत नाही. आजी करत होती तेच आपण त्याच शेगडीने या घरात केलं, तर निकाल तोच लागणार नाही. ‘आमच्या वेळी काही झालं नाही’ हे आजीचं म्हणणं तिच्या घरापुरतं खरं आहे. आपल्या घराला ते लागू पडत नाही.

हे सगळं आम्ही का सांगतोय, ते आता बोलतो. बाळंतिणीची शेगडी.

आपल्याकडे बाळंतिणीला शेक देतात. सुंभाच्या बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी. वारा लागू नये म्हणून दार बंद, खिडकीला गोधडी. त्यामागे माया आहे. चाळीस दिवस तरी बाईला कुणी कामाला लावू नये, तिचं अंग शेकावं, तिला ऊब मिळावी, ही त्या रीतीची चांगली बाजू आहे आणि ती टिकली पाहिजे. पण बंद खोली आणि निखारा यांचा मेळ म्हणजे तोच ज्युलियनचा मुक्काम. त्यात बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा भराभर चालतो. खाणीतल्या पक्ष्याची गोष्ट आठवा. घरात सगळ्यांच्या आधी बाळाला लागतं आणि बाळाला सांगता येत नाही. पोटुशी बाई असेल तर तिच्या रक्तातून तो वायू पोटातल्या बाळापर्यंत जातो.

आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोन तट पडले. म्हाताऱ्या म्हणाल्या, आता शेकही बंद करा म्हणता, उद्या बाळंतविडाही बंद करा म्हणाल. सुना गप्प बसल्या, कारण सासूसमोर काय बोलणार? एक पंचाहत्तरीची आजी मात्र म्हणाली, “माझ्या दुसऱ्या बाळंतपणात शेगडीनं डोकं असं धरायचं, मळमळायचं. सासूबाई म्हणायच्या, ओल्या बाळंतिणीला होतंच असं. मी बाजेवरून उठून दार किलकिलं करायची, त्या येऊन परत लावायच्या.” सगळ्या शांत झाल्या. मग आणखी तिघींनी तसंच सांगितलं. डोकं धरणं, गरगरणं, मळमळणं, गुंगी येणं ही या वायूचीच लक्षणं आहेत. इतक्या वर्षांत त्या बायांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी आम्ही वाद मिटवायला एक वाट काढली. शेक राहू दे, निखारा बाहेर राहू दे. अंगणात शेगडी पेटवा, त्यावर पाणी तापवा, फडकं किंवा वीट तापवा, कापडात गुंडाळून आत न्या, आधी आपल्या हाताला लावून बघा आणि बाळंतिणीची कंबर शेका. रबरी पिशवी असेल तर उत्तमच. बाळाला मात्र वीट नको, पिशवीही नको. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून दोघांना पांघरूण घाला. त्यासारखी ऊब कुठली शेगडी देत नाही. काही शंका आली तर आशाताईला विचारा. आणि धुरी पूर्ण टाळा, कारण धुराने बाळाची छाती भरते. सगळ्या सासवांनी मान डोलावली असं नाही. पण चार घरांत शेगडी अंगणात आली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

आता ग्रिलकडे येऊ. पहिला आणि सगळ्यात मोठा नियम तुम्हाला कळलाच आहे : ग्रिल छपराखाली नाही. घरात नाही, पडवीत नाही, गोठ्यात नाही, मांडव चारी बाजूंनी ताडपत्रीने बंद केला असेल तर त्यातही नाही. खिडकी उघडी ठेवली म्हणजे झालं, असं समजू नका. तेवढी हवा पुरत नाही.

हा नियम पाळायला हिंमत लागते. मागच्या हंगामात रात्री मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांनी गटाच्या बायांना सांगितलं, थंडी वाजतेय, ते ग्रिल तसंच खोलीत आणून ठेवा, आता तर नुसते निखारेच आहेत. वर जास्तीचे पैसेही देऊ केले. बाया नाही म्हणाल्या. पाहुणे रागावले, पुढची ऑर्डर दुसरीकडे देऊ म्हणाले आणि दिलीही. गटाला त्या महिन्यात तोटा झाला. आम्ही हिशेबाच्या वहीत तो तोटा लिहिला आणि बैठकीत त्या बायांना टाळ्या दिल्या. नुसते निखारे उरलेत, हेच तर धोक्याचं. ज्वाळ गेली, राख धरली, मंद मंद जळतंय, अशा वेळी हा वायू भरपूर निघत असतो. राखेखालचा फुफाटासुद्धा रात्रभर तो सोडत राहतो. पाहुण्यांना ऊब हवी तर गोधडी द्या, चुलीवर तापवलेलं पाणी द्या. शेकोटी हवी तर सगळ्यांनी अंगणात बसावं.

बाकीचे नियम कारणांसकट सांगतो.

जागा : घर, गंजी, गोवऱ्यांचा ढीग, वाळका पाला यांच्यापासून निदान दहा फूट लांब, सपाट जमिनीवर. वारा कुठून येतो ते बघून ग्रिल मांडा. ठिणगी कडब्याच्या गंजीकडे गेली की वर्षाची वैरण गेली. पेटवण्याआधी दोन बादल्या पाणी आणि एक घमेलं वाळू जवळ ठेवा. गॅसची टाकी जवळपास नको.

ग्रिलची पेटी : गावात जुनं पिंप कापून ग्रिल बनवतात. स्वस्त पडतं, पण त्या पिंपात आधी काय होतं ते विचारा. औषध-फवारणीचं किंवा कारखान्यातल्या रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी घेऊ नका. तेलाचं बंद पिंप कटरने कापताना आतल्या वाफेचा भडका उडतो, त्यामुळे ते काम घरी करू नका. जस्ताचा मुलामा दिलेली जाळीही नको. ती तापली की जस्ताचा धूर निघतो, तो छातीला वाईट. साधी लोखंडी किंवा स्टीलची जाळी घ्या.

जळण : लाकडी कोळसा, करवंट्या, बाभळीचं वाळलेलं लाकूड चालेल. आपल्या पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली आणि त्याबद्दल २००२ साली तिला इंग्लंडमधला अॅश्डेन पुरस्कार मिळाला. ऊसपट्ट्यातल्या गटांनी ते काम समजून घेण्यासारखं आहे. पण कोळसा पाचटाचा असो की बाभळीचा, वायू तोच. रंग दिलेलं लाकूड, खोक्यांच्या फळ्या, प्लास्टिक जाळू नका. आणि कण्हेरीची काडी ना जळणाला ना ओवायला. ती विषारी आहे.

पेटवणं : कागद, काटक्या, गोवरीचा तुकडा. वेळ लागतो, लागू द्या. पेटत नाही म्हणून निखाऱ्यावर रॉकेल, पेट्रोल, डिझेल कधीही ओतू नका. ज्वाळ धारेवरून थेट हातातल्या डब्यापर्यंत चढते.

नेसूचं : पदर खोचा, ओढणी मागे गाठ मारून बांधा. नायलॉन, पॉलिस्टरची साडी वितळून कातडीला चिकटते. ग्रिलजवळ सुती कपडा बरा. लांब दांड्याचा चिमटा वापरा. लेकरांसाठी जमिनीवर चुन्याची रेघ आखा. आम्ही तिला लक्ष्मणरेषा म्हणतो, पोरं बरोबर ऐकतात.

खाणं : कच्च्या कोंबडीचं ताट वेगळं, भाजलेलीचं वेगळं. तुकडा फोडून बघा, आत गुलाबी दिसला तर परत जाळीवर. वरून काळं झालं म्हणजे आत शिजलं असं नाही. त्यासाठी मंद आर हवा, आणि तो आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

विझवणं : कामं आटोपली की बाया थकतात आणि इथेच घोटाळा होतो. राख वरून गार दिसते, आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो. आपल्या आज्या रात्री राखेखाली निखारा जपून ठेवत आणि सकाळी त्यावरच चूल पेटवत, हे आठवा. जी राख निखारा जपते तीच गंजीही पेटवते. पाणी हळूहळू शिंपडा, ढवळा, परत शिंपडा. मग राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. प्लास्टिकच्या टोपल्यात नको, उकिरड्यावरही नको.

आणि काही झालंच तर? भाजलं तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी वाहतं ठेवा. हळद, शाई, टूथपेस्ट, तूप, बर्फ काही लावू नका. चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ कोरड्या सुती कापडाने झाका. कपड्याने पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर लोळा, दुसरीने जाड गोधडी टाकावी. बंद खोलीत शेगडी आहे आणि कुणाचं डोकं दुखतंय, गरगरतंय, किंवा घरातल्या दोघा-तिघांना एकदम तसं होतंय, तर पित्त समजू नका. दारं उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि शेगडी होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते एक वाक्य सांगितलं तर उपचार लवकर सुरू होतात.

मैत्रिणींनो, विस्तवाच्या इतिहासात राजांची, शास्त्रज्ञांची, कारखानदारांची नावं येतात. विस्तव रोज सांभाळला तो बायांनी, आणि त्यांची नावं कुठे नाहीत. पन्नासच्या दशकात मुंबईत गॅस आला, २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, गावागावांत टाक्या पोचल्या. तरी टाकी महाग पडते तेव्हा चूल पेटते आणि थंडी पडली की शेगडी निघते. आता ग्रिलही निघतं. म्हणजे निखारा आपल्या घरातून गेलेला नाही, आणि इतक्यात जाणारही नाही.

म्हणून एक काम सांगतो. येत्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीला विचारा : तुझ्या घरात थंडीत शेगडी कुठे असते? घरात बाळंतीण आहे का? खोलीला किती खिडक्या आहेत, आणि रात्री त्या उघड्या असतात का? नावं लिहा. ज्या घरात बाळंतीण आहे, तिथे दोघी-तिघी मिळून जा. सासूला दोष देऊ नका, तिच्याशी तिच्या स्वतःच्या बाळंतपणाबद्दल बोला. उत्तर बहुतेक वेळा तिच्याजवळच सापडतं.